दोन मिनिटांचे संप्रेरक, दोन आठवड्यांची तयारी

शस्त्रक्रिया सुरू होऊन तास उलटलेला असतो. मॉनिटरवरची लाल रेघ एका लयीत चालू असते: रक्तदाब ११८/७२, नाडी ७६. दुर्बिणीच्या पडद्यावर मूत्रपिंडाच्या माथ्यावर बसलेली गाठ दिसते. सर्जन तिच्या कडेची चरबी सोडवत असताना उपकरणाचे टोक गाठीला जरासे लागते आणि बघता बघता वरचा आकडा १५०, १९०, २३० असा चढत जातो. रुग्ण पूर्ण भुलीखाली आहे, रक्तस्राव झालेला नाही, यंत्रही ठीक आहे. गाठीवर दाब पडला आणि तिच्यातला साठा थेट रक्तात गेला, एवढेच घडले आहे. ‘‘सर, थांबा. प्रेशर २३०,’’ भूलतज्ज्ञ सांगतात. सर्जन हात बाजूला घेतात. शिरेतून औषध जाते, थोड्या वेळात आकडा १४० पर्यंत उतरतो आणि काम पुन्हा सुरू होते. पुढे गाठीची मुख्य शीर बंद केली, की हाच रक्तदाब ८० च्याही खाली घसरू शकतो. तेव्हा आतापर्यंत चाललेली औषधे थांबवून नेमकी उलट औषधे सुरू करावी लागतात.

एकाच माणसाचा रक्तदाब आधी खाली ओढायचा आणि तासाभरात तोच वर उचलून धरायचा, अशी वेळ भूलतज्ज्ञावर फार थोड्या शस्त्रक्रियांत येते. या गाठीचे नाव फिओक्रोमोसायटोमा. डॉक्टर मंडळी रोजच्या बोलण्यात तिला नुसते ‘फिओ’ म्हणतात. फिओची शस्त्रक्रिया म्हटली की सगळ्यांचे लक्ष थिएटरमधल्या त्या थरारक मिनिटांकडे जाते आणि ते साहजिकही आहे. पण मला सर्वांत जास्त विलक्षण वाटते ती त्याआधीची तयारी. शस्त्रक्रिया सुखरूप होणार की नाही, हे बव्हंशी आधीच्या दोन आठवड्यांत, साध्या गोळ्या, मीठ आणि पाणी यांवर ठरते.

अॅड्रिनल, म्हणजेच अधिवृक्क ग्रंथी दोन असतात, प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर एक. वजन प्रत्येकी साधारण ४ ते ५ ग्रॅम. बाहेरचा पिवळसर भाग स्टेरॉइड जातीची संप्रेरके बनवतो आणि आतला तपकिरी गाभा अॅड्रिनलिन व नॉरअॅड्रिनलिन बनवतो. अंधारात पायाखाली काही सळसळले, की छातीत धडधडते, तळहाताला घाम सुटतो, तोंड कोरडे पडते. ते या गाभ्याचे काम. ही रसायने शरीर फार काळ ठेवत नाही. रक्तातली त्यांची निम्मी मात्रा एक-दोन मिनिटांत नाहीशी होते. म्हणून दचकल्यावर आपण पाच-दहा मिनिटांत भानावर येतो.

फिओमध्ये या गाभ्यातल्या पेशींचीच गाठ होते आणि मेंदूकडून येणाऱ्या हुकमाची वाट न पाहता ती ही रसायने रक्तात सोडत राहते. काहींच्या बाबतीत सतत, काहींच्या बाबतीत झटक्याझटक्याने. डोके फुटेल असे दुखणे, अंग भिजवणारा घाम आणि धडधड ही तिची तीन ठळक लक्षणे. झटका येतो तेव्हा चेहरा पांढराफटक पडतो, रक्तदाब २०० च्या वर जातो आणि काही वेळाने सगळे ओसरते. रुग्ण दवाखान्यात पोहोचेपर्यंत रक्तदाब कदाचित नेहमीसारखा असतो. मग ‘टेन्शन घेऊ नका’ असा सल्ला मिळतो. वर्षानुवर्षे घबराटीचा आजार म्हणून औषधे घेतलेले रुग्ण या आजारात भेटतात, त्यांचे वाईट वाटल्याशिवाय राहत नाही. याच जातीची गाठ ग्रंथीबाहेरही होऊ शकते. तिला पॅरागँग्लिओमा म्हणतात. मूत्राशयाच्या भिंतीत ती असेल, तर लघवीला गेल्यावरच डोके दुखते आणि छाती धडधडते. हे लक्षण कोणी डॉक्टरांना सांगतही नाही आणि सांगितले तरी चटकन खरे वाटत नाही.

आजार दुर्मीळ आहे. दर दहा लाख लोकांमागे वर्षाला दोन ते आठ नवे रुग्ण, असा अंदाज दिला जातो. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांमध्ये हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांना रक्तदाबाचा त्रास होता आणि १९५५ मध्ये पदावर असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला होता. १९६९ मध्ये ते वारले, तेव्हा शवविच्छेदनात सुमारे दीड सेंटिमीटरचा फिओ सापडला. उत्तमोत्तम डॉक्टर दिमतीला असलेल्या माणसातही ही गाठ जिवंतपणी लपून राहिली.

वैद्यकाला तिची ओळख १८८६ मध्ये झाली, तीही मृत्यूनंतरच. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग येथे फेलिक्स फ्रेंकेल यांनी १८ वर्षांच्या एका मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. धडधड, डोकेदुखी, फिकटपणा असे झटके येऊन ती अचानक दगावली होती आणि शवविच्छेदनात तिच्या दोन्ही अॅड्रिनल ग्रंथींत गाठी निघाल्या. या गाठी काय करतात, हे तेव्हा कळणे शक्य नव्हते, कारण अॅड्रिनलिनच अजून माहीत नव्हते. १८९४ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर यांनी ग्रंथीचा अर्क प्राण्यांना टोचून रक्तदाब झपाट्याने चढतो हे दाखवले. १९०१ मध्ये जोकिची ताकामिने यांनी अॅड्रिनलिन शुद्ध रूपात वेगळे केल्याचे जाहीर केले.

गाठ यशस्वीपणे काढली गेली ती १९२६ मध्ये, दोनदा. आधी स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे सेझार रू यांनी आणि त्याच वर्षी पुढे अमेरिकेतल्या रॉचेस्टर येथे चार्ल्स मेयो यांनी. मेयो यांची रुग्ण रक्तदाबाच्या झटक्यांनी बेजार झालेली एक तरुण ख्रिस्ती जोगीण होती. आपण नेमके काय काढायला चाललो आहोत, हे शस्त्रक्रियेआधी या दोन्ही सर्जनांना ठाऊक नव्हते. रक्तदाब उतरवणारे शिरेतले औषध नाही, धमनीतला दाब सतत दाखवणारे यंत्र नाही, रक्तदाब कोसळला तर तो सावरणारा पंप नाही. तरीही दोन्ही रुग्ण वाचल्या. त्या काळात असे दैव सगळ्यांना लाभले नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या शस्त्रक्रियेत किंवा तिच्या पाठोपाठ दगावणाऱ्यांचे प्रमाण चौथ्या हिश्श्यापासून निम्म्याच्या जवळपास असे सांगितले जाते. शस्त्रक्रियेआधीच गाठ ओळखण्याचा पहिला मान १९२९ मध्ये बाल्टिमोरमधल्या मॉरिस पिंकॉफ्स यांना मिळाला.

भूलतज्ज्ञांनी या आजाराचा स्वतंत्र विचार सुरू केला, त्यात एक नाव आवर्जून घ्यावेसे वाटते. नवजात बाळाला गुण देण्याची पद्धत जगाला देणाऱ्या व्हर्जिनिया अॅपगार यांनी त्या पद्धतीच्या दोन वर्षे आधी, १९५१ मध्ये, इमॅन्युएल पॅपर यांच्यासोबत फिओच्या भुलीवर लेख लिहिला होता. त्या सुमारास समजुतीचा पाया घातला गेला होता. १९४८ मध्ये रेमंड अॅल्क्विस्ट या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाने असे मांडले, की अॅड्रिनलिनचा परिणाम शरीरात दोन वेगवेगळ्या प्रकारच्या ग्राहींमार्फत होतो. त्यांना त्याने अल्फा आणि बीटा अशी नावे दिली. ढोबळपणे सांगायचे तर अल्फा ग्राही रक्तवाहिन्या आवळतात. बीटा ग्राही हृदयाचा वेग आणि जोर वाढवतात आणि स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या थोड्या सैल करतात. हे मांडणारा लेख एका नियतकालिकाने नाकारला होता, दुसरीकडे तो छापून आला. पुढे याच कल्पनेवर जेम्स ब्लॅक यांनी बीटा ब्लॉकर औषधे घडवली आणि १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. फिओच्या रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी तयार करण्याचे सगळे शास्त्र या दोन ग्राहींभोवती फिरते.

महिनोन् महिने नॉरअॅड्रिनलिनच्या माऱ्याखाली असलेल्या रुग्णाच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. वाहिन्यांमध्ये जागाच कमी, म्हणून शरीर रक्तातले पाणी कमी करते. रुग्ण वरून धडधाकट दिसतो, रक्तदाब तर चढलेलाच असतो, पण आतून तो कोरडा पडलेला असतो. अशा माणसाची गाठ तशीच काढली, तर आवळणारे रसायन एकाएकी थांबते, वाहिन्या सैल पडतात आणि त्या भरायला पुरेसे रक्त नसते. पूर्वी गाठ काढल्यानंतर काही तासांत रुग्ण दगावत, त्यामागे हे मोठे कारण होते.

यावरचा उपाय म्हणजे अल्फा ग्राही आधीच बंद करायचे. त्यासाठीचे जुने आणि जालीम औषध फेनॉक्सीबेन्झामीन. ते ग्राहीला असे चिकटते की सुटत नाही. शरीराने नवे ग्राही बनवले, तरच त्याचा परिणाम ओसरतो. सहसा १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा अशी सुरुवात करून रोजचा रक्तदाब बघत मात्रा वाढवत नेतात. हे ७ ते १४ दिवस चालते. सोबत रुग्णाला मीठ जास्त खायला आणि भरपूर पाणी प्यायला सांगतात. रक्तदाबाच्या रुग्णाला आयुष्यभर ‘मीठ कमी करा’ असे ऐकायची सवय असते. त्याला वॉर्डात ‘ताटात मीठ वाढवून घ्या’ असे सांगितले, की घरचे लोक चक्रावतात. पण अल्फा ग्राही बंद झाल्यावर वाहिन्या सैल होतात आणि हे मीठ-पाणी ती रिकामी झालेली जागा भरून काढते. घट्ट झालेले रक्त पातळ होऊ लागल्याचे तपासणीत दिसते. एक साधी खूण रुग्ण स्वतःच सांगतो: नाक चोंदते. नाकाच्या आतल्या वाहिन्याही सैल पडल्या, म्हणजे औषध लागू पडले.

इथे एक पथ्य आहे आणि ते मोडले तर जिवावर बेतते. हृदय धडधडते आहे म्हणून आधी बीटा ब्लॉकर द्यायचा नाही. अल्फा ग्राही मोकळे असताना बीटा बंद केले, तर वाहिन्या सैल करणारी जी थोडी वाट होती तीही बंद होते, आवळण्याला कसलाच विरोध उरत नाही आणि त्याच वेळी हृदयाचा जोरही कमी झालेला असतो. चढावर भरलेली गाडी ओढणाऱ्या बैलांची ताकद काढून घ्यावी आणि गाडीत आणखी पोती टाकावीत, तशी त्या हृदयाची गत होते. रक्तदाब भडकतो, फुप्फुसात पाणी भरते. म्हणून क्रम ठरलेला: आधी अल्फा, आणि काही दिवसांनी नाडी जास्तच राहिली तर बीटा. जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत परीक्षक हा प्रश्न हमखास विचारतात, आणि विचारलाच पाहिजे.

तयारी पुरी झाली हे कसे ओळखायचे? १९८२ मध्ये मायकेल रॉइझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून आलेले निकष अजून वापरात आहेत. शस्त्रक्रियेआधीचे २४ तास रक्तदाब १६०/९० च्या वर गेलेला नसावा. उभे राहिल्यावर तो उतरावा, पण ८०/४५ च्या खाली जाऊ नये. ईसीजीत आठवडाभर नवा बदल नसावा. हृदयाचे चुकार ठोके पाच मिनिटांत एकापेक्षा जास्त नसावेत. याच गटाने भुलीच्या चार वेगवेगळ्या पद्धती एकमेकींशी ताडून पाहिल्या होत्या. रुग्णांची तयारी नीट झालेली असल्याने चारही पद्धतींचा निकाल सारखाच आला. भूल कोणत्या औषधाने दिली यापेक्षा रुग्ण टेबलावर कोणत्या अवस्थेत आला, हे मोठे ठरले. वॉर्डातली ती कंटाळवाणी वाटणारी गोळ्या-मिठाची दिनचर्या मला थिएटरइतकीच महत्त्वाची वाटते, ती यामुळे.

भारतात फेनॉक्सीबेन्झामीन महाग पडते आणि नेहमी मिळतेच असे नाही. म्हणून आपल्याकडे अनेक ठिकाणी प्राझोसिन वापरतात. ते ग्राहीला कायमचे चिकटत नाही, स्वस्त आहे आणि सहज मिळते. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी या दोन औषधांची तुलना करून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नेदरलँड्समध्ये १३४ रुग्णांवर फेनॉक्सीबेन्झामीन आणि प्राझोसिनच्याच जातीचे डॉक्साझोसिन यांची तुलना झाली, तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. रक्तदाब ठरलेल्या मर्यादेबाहेर राहण्याचा काळ दोन्ही गटांत जवळपास सारखाच होता. चढउतारांचा एकूण हिशेब मात्र फेनॉक्सीबेन्झामीनच्या बाजूने थोडा झुकला. जर्मनीतल्या एसेनमधल्या गटाने तर २०१७ मध्ये अल्फा ब्लॉकर अजिबात न देता केलेल्या शस्त्रक्रियांचा अनुभव मांडला आणि या तयारीची गरज आहेच का, असा प्रश्न उभा केला. पण एसेनचे सर्जन या शस्त्रक्रियेत जगात अग्रगण्य मानले जातात, त्यांच्या हाताची सफाई सगळीकडे मिळत नाही. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना अजून अल्फा ब्लॉकर द्यायलाच सांगतात आणि सामान्य रुग्णाच्या दृष्टीने तेच शहाणपणाचे आहे.

आता थिएटरमध्ये जाऊ. दंडाला बांधलेला रक्तदाबाचा पट्टा दर तीन-पाच मिनिटांनी एक आकडा देतो. फिओमध्ये तेवढ्या वेळात सगळा खेळ होऊन जातो. म्हणून भूल देण्याआधीच मनगटाच्या धमनीत, जागा बधिर करून, एक बारीक नळी घालतात. तिच्यातला दाब प्रत्येक ठोक्यागणिक मॉनिटरवर लाल लहरीच्या रूपात उमटतो. मानेच्या मोठ्या शिरेत दुसरी नळी जाते. तीव्र औषधे तिच्यातून हृदयाजवळ पोहोचतात. भूलतज्ज्ञाच्या डाव्या-उजव्या हाताला सिरिंज पंपांची चळत उभी असते. प्रत्येक सिरिंजवर नाव आणि तीव्रता लिहिलेली. एक सिरिंज चंदेरी किंवा काळ्या कागदात गुंडाळलेली असते: ते सोडियम नायट्रोप्रुसाइड, उजेडात खराब होते म्हणून झाकलेले. ते वाहिन्या काही सेकंदांतच सैल करते आणि थांबवल्यावर दोन-तीन मिनिटांत त्याचा परिणाम जातो. जे रसायन दोन मिनिटांत विरते, त्याच्याशी लढणारे औषधही तितकेच अल्पायुषी हवे, हा इथला मूळ नियम. नाहीतर रसायन संपल्यावर औषध शिल्लक राहते आणि रक्तदाब खड्ड्यात जातो. नाडीसाठी एस्मोलॉल वापरतात. तांबड्या पेशींमधले विकर ते फोडून टाकतात आणि साधारण नऊ मिनिटांत त्याची निम्मी मात्रा उरते. नायट्रोग्लिसरीन, म्हणजे सगळ्या थिएटरांतले ‘एनटीजी’, फेन्टोलामीन, निकार्डिपीन हीही गरजेप्रमाणे हाताशी असतात.

यांत मॅग्नेशियम सल्फेटचे नाव ऐकून अनेकांना नवल वाटेल. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येतात, तेव्हा द्यायचे हे औषध आपल्या प्रसूतिगृहांत ‘मॅगसल्फ’ म्हणून परिचित आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनचे मायकेल जेम्स यांनी १९८९ मध्ये फिओच्या १७ भुलींमधला त्याचा अनुभव प्रसिद्ध केला. गाठीतून रसायन बाहेर पडणे ते कमी करते, वाहिन्या सैल करते आणि हृदयाची लय सांभाळते. किंमत अगदी मामुली. एक दक्षता मात्र घ्यावी लागते: स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा परिणाम ते लांबवते, त्यामुळे शेवटी रुग्णाचा श्वास पूर्ववत झाल्याची खात्री करूनच श्वासनलिकेतली नळी काढायची.

रक्तदाब उसळण्याच्या जागा ठरलेल्या असतात. श्वासनलिकेत नळी घालताना घशाला जो धक्का बसतो, तो पहिला. म्हणून भूल पुरेशी गाढ करून, फेन्टानिलसारखे वेदनाशामक देऊनच हे काम करतात. नेहमीच्या भुलीत बिनदिक्कत चालणारी काही औषधे इथे वर्ज्य असतात. सक्सिनिलकोलीनने अंगाचे स्नायू थरथरतात आणि पोटातली गाठ दाबली जाऊ शकते. केटामीन आणि इफेड्रिन ही मुळातच रक्तदाब चढवणारी. उलटीवर सर्रास दिले जाणारे मेटोक्लोप्रामाइड गाठीतला साठा बाहेर काढू शकते. ते तर निदानापूर्वी कुणी सहज टोचले तरी झटका येऊ शकतो. दुसरी जागा पोटात वायू भरण्याची. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात. त्याचा दाब गाठीवर पडतो, शिवाय तो वायू रक्तात मुरून अॅड्रिनलिनला चेतवतो. म्हणून इथे दाब एरवीपेक्षा कमी ठेवतात. माँट्रियलचे मिशेल गान्ये यांनी १९९२ मध्ये दुर्बिणीने अॅड्रिनल ग्रंथी काढण्याचे पहिले अनुभव प्रसिद्ध केले. त्यांत फिओचाही रुग्ण होता. मोठी चीर टळल्याने रुग्ण लवकर उठतो आणि सर्जनला गाठीची शीर मोठी होऊन दिसते.

तिसरी आणि सर्वांत मोठी उसळी गाठ हाताळताना येते. त्या वेळी रक्तातली ही रसायने नेहमीच्या शेकडो पट, क्वचित हजार पट होतात. सर्जनचे कसब गाठीला न दाबता आजूबाजूचे ऊतक तिच्यापासून सोडवण्यात असते. आणि इथे दोघांचे बोलणे सतत चालू असावे लागते. ‘आता मागच्या बाजूला जातो,’ ‘थोडे थांबा, १८० झाले,’ ‘चालू द्या.’ एकाचे डोळे पडद्यावर, दुसऱ्याचे लाल लहरीवर. दोघांपैकी एक गप्प बसला तर दुसरा आंधळा होतो.

मग येते ती शीर. डावीकडची अॅड्रिनल शीर लांब असते आणि मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते. उजवीकडची जेमतेम एक सेंटिमीटरची, थेट शरीरातल्या सर्वांत मोठ्या शिरेत उघडणारी. तिथे हात चुकला तर रक्तस्राव आवरणे कठीण. क्लिप लावण्याआधी सर्जन मोठ्याने सांगतात आणि भूलतज्ज्ञ रक्तदाब उतरवणारे पंप एकेक करून बंद करतात. सलाईनचा वेग वाढतो. क्लिप बसते. पुढच्या काही मिनिटांत गाठीचा रक्ताशी संबंध तुटल्याचे मॉनिटरवर दिसू लागते. आधीची तयारी पक्की असेल तर आकडा १०० च्या आसपास येऊन टेकतो. तशी नसेल तर तो घसरतच राहतो. मग नॉरअॅड्रिनलिन शिरेतून द्यावे लागते. तासाभरापूर्वी ज्या रसायनाशी झगडा चालला होता, तेच आता मोजूनमापून आत सोडायचे. फेनॉक्सीबेन्झामीनने ग्राही घट्ट बंद केलेले असल्याने कधी त्याचाही उपयोग होत नाही. अशा वेळी व्हॅसोप्रेसिन कामी येते, कारण ते वेगळ्या ग्राहींवर काम करते; अल्फा बंद आहेत की उघडे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे संपले नाही. गाठ असेपर्यंत अॅड्रिनलिनने इन्सुलिन दाबून ठेवलेले असते. गाठ गेली की इन्सुलिन उसळते आणि रक्तातली साखर एकाएकी उतरू शकते. भुलीच्या गुंगीत असलेला रुग्ण घाम, थरथर, भूक यांतले काहीच सांगू शकत नाही. म्हणून आयसीयूत पहिला दिवसभर तरी बोटाला सुई टोचून साखर पुन्हा पुन्हा तपासतात. इतके सगळे सांभाळल्यावर आज अनुभवी रुग्णालयांत या शस्त्रक्रियेतील मृत्यूचे प्रमाण एक ते तीन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आले आहे. बहुतेकांचा रक्तदाब पूर्ववत होतो. काहींना थोडी गोळी चालू ठेवावी लागते. गाठ परत होऊ शकते, तेव्हा दरवर्षीची तपासणी सुटता कामा नये.

आणि फक्त रुग्णाची नव्हे. या गाठीच्या रुग्णांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जणांत आनुवंशिक दोष सापडतो. फ्रेंकेल यांनी १८८६ मध्ये वर्णिलेल्या मुलीच्या घराण्याचा फ्रायबुर्गच्याच हार्टमुट नॉयमान यांनी माग काढला. २००७ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की तिच्या हयात नातलगांमध्ये आरईटी या जनुकातला दोष आहे. त्या दोषाने फिओबरोबर थायरॉइडचा कर्करोगही होऊ शकतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या अंतःस्रावी विकार विभागाने भारतीय रुग्णांमधल्या अशा जनुकीय दोषांवर केलेले काम २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आले. एका रुग्णाच्या निदानातून त्याच्या भावंडांचा आणि मुलांचा आजार वेळेआधी सापडतो, ही या कामाची मोठी देणगी आहे.

सर्वांत धोकादायक फिओ कोणता, असे विचारले तर भूलतज्ज्ञ सांगतील: ज्याची कल्पनाच नाही तो. पित्ताशयाच्या किंवा हर्नियाच्या साध्या शस्त्रक्रियेत, कसलीही तयारी नसताना, अचानक रक्तदाब २५० होतो तेव्हा हातात फार थोडे उरते. म्हणून वाचकांना कळकळीची विनंती आहे. घरात कुणाला डोकेदुखी, घाम आणि धडधड एकत्र असे झटके येत असतील, लहान वयात रक्तदाब निघाला असेल, तीन-तीन गोळ्या घेऊनही तो आटोक्यात येत नसेल, पूर्वीच्या भुलीच्या वेळी रक्तदाब अकारण भडकला असेल किंवा जवळच्या नातलगाला अशी गाठ झाली असेल, तर डॉक्टरांना हे मुद्दाम सांगा. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ भेटायला येतात तेव्हाही सांगा. सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये अॅड्रिनलची गाठ योगायोगाने दिसली, तर तिला सुई लावू देण्याआधी किंवा ती काढण्याआधी मेटानेफ्रिनची, म्हणजे अॅड्रिनलिन-नॉरअॅड्रिनलिनपासून शरीरात बनणाऱ्या पदार्थांची, तपासणी झालीच पाहिजे. रक्ताचा नमुना काही वेळ शांत पडून राहिल्यावर देतात, किंवा २४ तासांची लघवी गोळा करतात. या एका तपासणीने बहुतेक वेळा शंका फिटते, आणि गाठ निघालीच तर दोन आठवड्यांची तयारी करायला वेळ मिळतो.